लेकीलाही लागू झालेला कायदा

बा माझ्या दारात उभा राहिला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा : "पोलीस आले होते काय?"

मी नुकतीच दवाखान्यातून परतले होते. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. बाच्या खांद्यावर घोंगडं होतं, हातात गाठोडं, आणि गाठोड्यावर सुतळीनं बांधलेली त्याची स्वतःची पितळी थाळी. दरेकशाहून येणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरनं तो आला होता आणि स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत दुखऱ्या पायानं चालत. मला वाटलं, गावात काहीतरी झालं. भावाचं कुणाशी भांडण, मारामारी, बांधावरून काही.

"कोण पोलीस, बा? कशासाठी?"

"तुले न्याले," तो म्हणाला. "अजून नाही आले ना? मंग बरं झालं. मी आलो आता. आता तुले कोनी हात नाही लावनार."

मग तो ओसरीवर बसला, धाप ओसरू दिली, आणि हळूहळू सगळं सांगितलं.

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. दिल्लीत एकामागून एक कायदे होत होते, लग्नाचे, वारसाचे, दत्तकाचे. त्यातल्याच एका कायद्यात असं आलं होतं, की म्हाताऱ्या, थकलेल्या आईबापाला पोसणं ही मुलाची जबाबदारी, आणि मुलाची तशीच मुलीचीही. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचून कागद घडी करून ठेवला होता. आमच्याकडे मुलीच्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत नाही. तिथं या कायद्याचं काय होणार, असं मनात आलं होतं आणि मी कामाला लागले होते.

बाला ते सालेकशाच्या बाजारात कळलं. तिथं कुणीतरी चहाच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवत होतं. ऐकणाऱ्यांनी आपापल्या परीनं त्यात भर घातली. बाच्या कानापर्यंत पोचेपर्यंत कायदा असा झाला होता, की ज्या लेकीचा बाप म्हातारा आहे आणि लेक कमावती आहे, तिनं बापाला घरी ठेवून जेवू घातलं नाही तर पोलीस तिला पकडून नेतील आणि नोकरीही जाईल.

"तुया भावाचं ठीक हाय," बा म्हणाला. "तो घरीच ठेवते मले. त्याले कोन काय म्हनते? पन तू तं सरकारच्याच दवाखान्यात. तुयं नाव तं त्यायले आधीच माहीत."

माझ्या तोंडावर शब्द आले होते, की बा, असं काही नसतं रे, कुणी पोलीस येत नाही. पण मी त्या गाठोड्याकडे पाहिलं. थाळीकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "नाही आले अजून."

हे असं का म्हणाले, ते सांगायचं तर थोडं मागचं सांगायला हवं.

मी विशीच्या आत विधवा झाले. सासरच्यांनी एक दिवस बैलगाडीत बसवून मला माहेरी आणून सोडलं. आई आधीच गेली होती. आमची थोडी धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं होती, जंगलाच्या कडेला, आणि तिथं बा आणि धाकटा भाऊ राबत होते. घरी बसलेल्या विधवेचं काय करायचं यावर गावात सगळ्यांकडे सल्ले होते. बा कुणाचं ऐकून घेत नसे आणि उत्तरही देत नसे. एकदा गोठ्यात गाय अडली. वासरू पायाकडून येत होतं. मी बाह्या वर करून हात घातला आणि वासरू फिरवलं. बा कंदील धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तुये हात चांगले हायेत, बाई. तू नागपूरले जाय. बाळंतपन शिक."

नागपूरला तो मला स्वतः घेऊन गेला. तिथं मला दाखल करून घेईपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात पथारी टाकून राहिला. गावात परतल्यावर त्याला लोक काय काय बोलले ते मला पुष्कळ वर्षांनी भावजयीकडून कळलं. त्यानं कधी एक शब्द सांगितला नाही.

शिकून झाल्यावर गोंदियात नगरपालिकेच्या दवाखान्यात नोकरी लागली. राइस मिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे ओसरी, एवढं घर भाड्यानं घेतलं. तेव्हापासून मी बाला बोलावत होते. तो यायचा, पण कसा? नवं धान कुटलं की पिशवीभर तांदूळ घेऊन, मोहफुलांच्या दिवसांत मोहफुलं घेऊन. ओसरीच्या पायरीवर बसायचा, मला वरखाली न्याहाळायचा, "बरी हाय ना?" विचारायचा आणि दुपारच्या गाडीनं परत. उन्हातान्हातून आलेला माणूस, पण घोटभर पाणी नाही. मी हट्ट केला की म्हणायचा, "तुया पोटी लेकरू असतं तं पेलो असतो. नातवाच्या घरचं चालते." हे तो लागावं म्हणून म्हणत नसे. रीत अशी आहे, एवढंच सांगायचा. मी दिवसाकाठी दुसऱ्यांची लेकरं हातांवर झेलत होते, त्यामुळे मला ते लागायचं, पण त्याला कळू दिलं नाही.

पुढे त्याचा पाय अधू झाला. चिखलणीच्या वेळी बांधावरून पडला आणि कंबर धरली. नजरही कमी झाली. मग नांगर गेला, बैल गेले, आणि त्याची खाट घरातून गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. भाऊ वाईट नव्हता. भावजयही नव्हती. तिला पाठोपाठची पाच लेकरं, हातात कायम एक रडतं, आणि रोवणीच्या दिवसांत तीही दिवसभर चिखलात वाकलेली. म्हाताऱ्याला जेवण मिळत होतं, पण आठवण झाली की. मी एकदा गेले तेव्हा दुपार टळून गेली होती आणि बा उपाशी बसला होता. मला पाहून म्हणाला, "आता देईल ते. घाईत हाय बिचारी."

म्हणून मी "अजून" म्हणाले.

पहिल्या दिवशी भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी केली. त्यानं आपली थाळी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा बा माझ्या हातचं माझ्या घरात जेवत होता. मी वाढताना डोळे वर केले नाहीत. जेवण झालं तसा तो उठला, लोटा घेतला आणि लंगडत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीकडे निघाला. ती सगळ्यांची विहीर होती.

"बा, पाणी घरात आहे."

"कायद्यात जेवन सांगतलं," तो म्हणाला. "पान्याचं कोनी नाही सांगतलं."

हे पुढे रोजचंच झालं. समोर मिलच्या मुनीमजींचं बिऱ्हाड होतं. मुनीमजींची बायको एकदा त्याला विहिरीवर म्हणाली, "बाबा, घर में पानी नहीं है क्या?" बा म्हणाला, "है बाई, बहुत है. पर बेटी का है." ती मला येऊन हसत हसत सांगून गेली. मीही हसले.

ते दिवस चांगले होते. बा ओसरीवर बसून लोकांच्या खाटा विणून द्यायचा. शिंदीच्या पानांची मोळी कुणाकडून तरी आणवून झाडू बांधायचा आणि घराघरात वाटायचा. मी दवाखान्यातून आले की विचारायचा, "पोरगा झाला का पोरगी? आडवं होतं का सिधं?" आणि मी सांगायची. दिवसभराच्या कामाबद्दल मला असं विचारणारं घरात कधी कुणी नव्हतं. एखादी बाई दगावली असेल तर मी काहीच बोलायची नाही. मग तोही बोलायचा नाही. नुसता बसून राहायचा माझ्याजवळ.

तो जेवतो हे पाहून मला धीर आला. त्याच्या पायाला कोमट तेल लावून चोळायला बसले तर त्यानं पाय आखडून घेतला. "हे काय करून राहिली? लेकीकडून पाय चोळून घेऊ काय मी?"

"कायद्यात आहे, बा."

"पायाचं?"

"हो. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याचं आहे त्यात."

त्यानं थोडा विचार केला आणि पाय पुढे केला.

मग मला ती सवयच लागली. तो दूध घेईना, तर दूध कायद्यात. थंडीत जुनं घोंगडं सोडीना, तर नवी गोधडी कायद्यात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर म्हणाला, "कायले? मले आता काय वाचाचं हाय?" मी म्हणाले, "तू ठेचकाळून पडलास तर मला जाब द्यावा लागेल." तेवढ्यावर तो निमूट आला. चष्मा लावल्यावर ओसरीवरून मिलच्या धुराड्याकडे बघत बसला. म्हणाला, "वर पाखरं बसून राहिली हायेत. मले वाटे, कोनी बांधून ठेवलं काही." आमच्या दोन खोल्यांत तो कायदा असा वाढत गेला. दिल्लीत ज्यांनी तो लिहिला त्यांना सांगितलं असतं तर ओळखूही आला नसता.

बा मनापासून चकित होता. "सरकार म्हाताऱ्यायचा एवढा विचार करते, बाप्पा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "दुधापासून चष्म्यापर्यंत सारं लिवून ठेवलं. देव त्यायचं भलं करो." त्याचे सगळे आशीर्वाद सरकारला जायचे. आणि माझ्याबद्दल तो म्हणायचा, "पोरीवर सक्ती हाय ना. बिचारी काय करन? करते."

पहिल्या वेळी मला गंमत वाटली. मग दवाखान्यातही ते पोचलं. बरोबरीच्या नर्सनं विचारलं, "तुमच्यावर कोर्टाचा हुकूम आहे म्हणे, वडिलांना ठेवायचा?" मी नाही म्हणाले तर तिनं विश्वास ठेवला नाही. बा स्वतःच तिला सांगून गेला होता. तेव्हा मनात कुठंतरी टोचलं. एकदा मी फार दमून आले होते, येऊन तशीच भिंतीला टेकले. बा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, याले काही मुदत असन ना? कायद्याले?"

"कशाला मुदत?"

"तुयी सुटका कधी होते म्हनतो मी."

मी म्हणाले, "जन्मभराचा आहे तो." माझा आवाज चढला होता. त्याला वाटलं मी कायद्यावर चिडले. तो हळहळला, "बिचारी," असं पुटपुटला आणि माझ्यासाठी चूल पेटवायला उठला.

त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. पण सांगितलं की तो जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तो गेला की पुन्हा ती पडवी.

आमच्या गल्लीत एक म्हातारी राहायची, विड्या वळणारी. मुलगा मिलमध्ये हमाल. मुलाचं लग्न झाल्यावर ती घराबाहेरच्या पत्र्याखाली आली होती, पावसात पोतं पांघरून बसायची. सकाळपासून तिच्या मांडीवर तेंदूपानाचं सूप असायचं. बाचं आणि तिचं विहिरीवर बोलणं व्हायचं. बाला तिची दया यायची, आणि त्याहून अधिक आश्चर्य वाटायचं. एवढा मोठा कायदा झालेला असताना ही बाई पत्र्याखाली का?

एक दिवस मी कामावर असताना तो तिला म्हणाला, "चाल माय. माया पोरीवर लागला तं तुया पोरावर काऊन नाही लागनार?" आणि तिला घेऊन तो वकिलाकडे गेला. वकीलसाहेबांच्या बायकोचं बाळंतपण माझ्या हातून झालं होतं, त्या ओळखीवर. माणूस सज्जन होता. त्यानं दोघांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि नीट समजावून सांगितलं. पोलीस येत नाहीत. आपण होऊन कुणी विचारतही नाही. म्हाताऱ्यानं स्वतः कोर्टात जायचं, मुलाच्या नावानं दावा लावायचा, उभं राहून सांगायचं की हा माझा मुलगा आणि हा मला पोसत नाही. मग मुलगा आपली बाजू मांडणार. मग तारखा. मग कधीतरी निकाल.

म्हातारीनं विचारलं, "म्हणजे पोराच्या विरुद्ध म्यां बोलाचं? साऱ्यायच्या समोर?"

वकील म्हणाला, "हो आजी, तुम्हालाच बोलावं लागेल."

ती उठली. "नाही जी," म्हणाली. "पोटचा हाय तो." आणि परत येऊन तिनं सूप मांडीवर घेतलं. तिचं पुढे काय झालं? काहीच झालं नाही. ती त्याच पत्र्याखाली दोन-तीन पावसाळे काढून गेली. कायदा तिच्याच बाजूनं होता, पण त्याच्याकडे जायची वाट तिच्या मुलाच्या अंगावरून जात होती.

हे सगळं मला बानंच सांगितलं. मी घरी आले तेव्हा तो ओसरीवर बसला होता. पुढ्यात अर्धी विणलेली खाट होती, पण हात थांबलेले होते. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं,

"तुले माहीत होतं?"

"हो, बा."

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग दूध? ते हाय का कायद्यात?"

"नाही."

"चष्मा?"

"नाही."

"पायाले तेल?"

"नाही, बा. ते सगळं मी माझ्या मनानं केलं."

त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. तो रागावेल, ओरडेल, असं मला वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. तो लाजला होता. म्हातारा माणूस लाजतो तेव्हा त्याच्याकडे पाहवत नाही.

"मी गावभर सांगत फिरलो," तो म्हणाला, "का पोरीवर सक्ती हाय. लोक काय म्हनत असतीन तुले." मग जरा थांबून, "आन मी तं लेकीच्या घरचं खाल्लं. एवढे दिवस. आपल्या मनानं."

"तुझ्या मनानं कुठं? मी फसवलं तुला."

"तू सांगतलं असतं तं मी आलो नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी. मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "पन काऊन, बाई? तुले माया काय उपेग होता?"

मी भडाभडा बोलत सुटले. तुझा पाय असा, तुझी नजर अशी, तिकडे पडवीत वारा लागतो, वेळेवर जेवण नाही, आजारी पडलास तर दवाखाना नाही, इथं मी आहे, डॉक्टर आहे. नर्स रोग्याच्या नातेवाइकांना समजावते तसं मी त्याला समजावलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "हो. ते तं हाय." आणि खाटेचा सुंभ पुन्हा हातात घेतला.

त्यानं ती खाट पुरी केली, ज्यांची होती त्यांच्याकडे पोचती केली. चार-सहा दिवस राहिला. त्या दिवसांत तो जेवला, कारण मी वाढलेलं पान त्याला ढकलवेना, पण घास मोजल्यासारखे घ्यायचा. दूध नको म्हणाला आणि मी आग्रह केला नाही. आग्रह कुठल्या तोंडानं करणार होते? मग एका सकाळी म्हणाला, "पऱ्हे टाकाचे, धान पेराचे दिवस आले. राखनदारीले तरी बसतो बांधीत. पाखरं हाकलाले पाय नाही लागत." मी रजा काढून त्याला पोचवायला गेले. गाडीत तो खिडकीशी बसला होता. आमगाव गेलं, सालेकसा गेलं, डोंगर दिसायला लागले. त्याला आता दूरचं दिसत होतं, म्हणून तो एकेक गोष्ट मला दाखवत होता : तो पळस, ती बोडी, तिच्यात आंघोळीला उतरलेल्या म्हशी. माझ्याशी तो नेहमीसारखाच बोलत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

दरेकशाला भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. मी त्याला बाजूला घेऊन बोलले. म्हणाले, बाला घरात घे, पडवीत ठेवू नको, जेवणाची वेळ पाळ, नाहीतर कायदा तुझ्यावरही आहे. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "कायदा दाखवते मले, बाई?" एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती. दुखावला होता तो. मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण दुसरं काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं. त्यानं बाला घरात मात्र घेतलं. माझ्या बोलण्यानं, की गोधडी आणि चष्मा पाहून त्यालाच काही वाटलं म्हणून, ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी सुटी मिळेल तशी जात राहिले. बा बांधीच्या कडेला माचाणावर बसलेला असायचा, हातात गोफण. मला पाहिलं की खाली उतरायचा. मोहफुलं, चारोळी, काहीबाही बांधून द्यायचा. गोंदियाला मात्र तो पुन्हा आला नाही, पायरीपर्यंतसुद्धा नाही. मी ये म्हटलं नाही. आता कुठल्या नावानं म्हणणार होते?

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू असताना, त्याला ताप आला. छातीत कफ भरला. भावानं मला निरोप पाठवायचं ठरवलं तर बानंच अडवलं. हे मला भावजयीनं नंतर सांगितलं. "म्हने, तिले कळवू नोको. ते धावत येईन, आन तिकडे एखादी बाई अडलेली राहीन." स्टेशनावरच्या माणसाकरवी निरोप आला, तो बा गेल्याचा. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि माझी वाट पाहून सगळं थांबवून ठेवलं होतं.

दहाव्याच्या दिवशी भावजय माझ्याशेजारी येऊन बसली. कडेवर सगळ्यात धाकटं होतं. जरा घुटमळून तिनं विचारलं, "बाई, तुमच्यावरचा तो कायदा उठला होता म्हने?"

"कोण म्हणालं?"

"मामाजीच सांगत साऱ्यायले. म्हनत, सरकारनं पोरीची सुटका केली मनून मी वापस आलो."

ती बाला मामाजी म्हणायची. आपल्या मनानं लेकीच्या घरी राहिलो नाही, एवढं त्याला गावात राखायचं होतं. किंवा मला राखायचं असेल. म्हातारा बाप लेकीच्या घरून परत का आला, असं कुणी विचारू नये म्हणून. मी म्हणाले, "हो, उठला होता."

ती आणखी जवळ सरकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्यावर काही येनार नाही ना आता?"

मी तिला म्हणाले, काही येणार नाही. तिनं मोकळा श्वास सोडला आणि लेकराला पदराखाली घेतलं. मला तिचा राग आला नाही. ती बाई इतकी दमलेली होती, की तिच्यावर आणखी कुठला कायदा यायला जागाच नव्हती.

पुढे मी पुष्कळ वर्षं त्याच दवाखान्यात काढली. कधी बाळंतिणीबरोबर आलेली एखादी म्हातारी बाजूला घेऊन विचारायची, "नर्सबाई, म्हाताऱ्या माणसांसाठी काही कायदा आहे म्हणतात, तो काय आहे?" मी वकिलानं सांगितलं होतं तसंच सांगायची. बहुतेक जणी ऐकून उठून जायच्या.

बा गेल्यावर मी त्याच्या त्या एका प्रश्नाचा फार विचार केला. तुले माया काय उपेग होता, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला त्याचा पाय सांगितला, त्याचे डोळे सांगितले. त्याच्या सगळ्या गरजा मी त्याच्यापुढे मांडल्या. पण स्वतःच्या गरजेसाठी तो कधी कुणाकडे गेला होता? पडवीत उपाशी बसला असतानाही तो "घाईत हाय बिचारी" म्हणत होता. माझ्याकडे आला तो मला वाचवायला. पोलीस येतील, पोरगी एकटी आहे, म्हणून थाळी बांधून, रीत मोडून, दुखऱ्या पायानं आला. त्या दिवशी मी म्हणाले असते, की बा, संध्याकाळी दार उघडते तेव्हा आत कुणी नसतं, पोरगा झाला का पोरगी हे मला कुणी विचारत नाही, एखादी बाई हातांत जाते तेव्हा माझ्याजवळ बसायला कुणी नसतं, तू राहा, तर तो काय म्हणाला असता?

कदाचित तरीही गेला असता. रीत त्याच्या हाडात मुरलेली होती. पण हे मी त्याला विचारलंच नाही, आणि त्यानं मात्र अगदी सरळ शब्दांत विचारलं होतं.